अण्णासोंचा प्रिंटर

आमच्या ऑफिसात प्रिंटर ज्याच्या टेबलाशेजारी, त्याच्या नावानं ओळखायची पद्धत. त्यामुळं माझे वडील, हेडक्लार्क अण्णासो, तीन महिन्यांपूर्वी वारले तरी सगळ्या कॉम्प्युटरांवर 'अण्णासो' होतेच. नवा प्रिंटर आला तसं साहेबांनी मला, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याला, फर्मावलं, "प्रसेनजीत, जुनं कनेक्शन सगळीकडून काढून टाक."

काढत सुटलो. 'हा प्रिंटर काढायचा?' हो. तेरा कॉम्प्युटर, तेरा वेळा हो. मला काहीच वाटत नव्हतं. मयतीलाही रडलो नव्हतो. आमच्या गावच्या, कळंब्यातल्या बायका म्हणाल्या, पोरगं दगडाचं हाय. असेल.

चौदावा खुद्द अण्णांचा. तेव्हापासून बंदच होता. शिपाई बाळासो त्याच्यावरची धूळ पुसत म्हणाला, "आदल्या दिवशी लई वैतागलं हुतं तुझं वडील. प्रिंट येईना म्हणून."

मला ठाऊक होतं. त्यांनी फोन केला होता. खालच्या मजल्यावर बसून मी म्हणालो होतो, "उद्या बघतो की." जगाचे प्रिंटर ताबडतोब आणि बापाचा उद्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी ऑफिसला येताना ते जिन्यातच कोसळले.

कॉम्प्युटर चालू करून स्क्रीनवर 'अण्णासो' प्रिंटर उघडला. 'ऑफलाइन वापरा' यावर खूण होती; ती असली की कागद न छापता नुसता रांगेत थांबतो. फोन आला त्याच सकाळी अडकलेला कागद काढताना, मधेच प्रिंट येऊ नये म्हणून, ती मीच केली होती. परत काढायला विसरलो. खाली एक कागद अजून छपाईची वाट बघत होता. मी खूण काढली. टेबलाशेजारचा जुना प्रिंटर घरघरला.

रजेचा अर्ज होता. 'छातीत दुखत असल्याने डॉक्टरांना दाखवण्यासाठी उद्या एक दिवस रजा मिळावी.'

हातानं लिहिलेला अर्ज साहेब घेत नाहीत. आणि स्वतःचा कागद दुसऱ्याच्या प्रिंटरवर काढणं अण्णांना चोरी वाटायची. घरीही कुणाला बोलले नाहीत. अर्ज निघाला नाही, म्हणून कामावर आले.

"काय आलं रं?" बाळासोनं विचारलं.

"अर्ज. सही राहिलीय."

कागद कोमट होता. मी तो हातात धरून बसलो. अजूनही डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि मला माझीच किळस आली.

साहेब दारातून ओरडले, "झालं का रे सगळीकडचं?"

"एक राहिलाय, साहेब," मी म्हणालो. "उद्या बघतो."