अडीचचा मनोरा

भाचीने ठिपक्यांचा आकार तिसऱ्यांदा कमी केला आणि कळ दाबली. आलेख पुन्हा उमटला. डावीकडचे ठिपके बेताबेताने चढत होते, आणि मध्ये एका जागी एकावर एक असे रचले गेले होते की वरचे तीसेक चौकटीबाहेरच गेले.

"काय हट्टी आहे हा," ती म्हणाली. "मावशी, बघ ना जरा."

मावशीने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसली. भाची तिच्याच जुन्या इस्पितळात आकडेवारीच्या विभागात कामाला होती. छत्तीस वर्षांपूर्वीची, प्रसूतिकक्षाची एका वर्षाची नोंदवही तिने दोन महिने खपून संगणकात उतरवली होती आणि उद्या सकाळी ती डॉक्टरांसमोर मांडायची होती. एक ठिपका म्हणजे एक बाळ, तिने समजावलं. खाली वजन. सारख्या वजनाची बाळं एकमेकांच्या डोक्यावर.

"मग हा मनोरा कसला?"

"अडीच किलो. नेमके अडीच. सव्वाशे बाळं."

अडीच म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. त्याच्या खाली भरलं की बाळ उबेच्या वेगळ्या खोलीत, दर दोन तासांनी तपासणी, वर दोन पानांचा तक्ता. अडीच भरलं की सरळ आईच्या कुशीत.

भाचीने प्रोग्राममधला एक आकडा बदलला. आता आलेखाच्या एकेका खणात पाव पाव किलोच्या टप्प्यातली सगळी बाळं मावली. मनोरा शेजाऱ्यांत विरघळला आणि पडद्यावर एक गोल, शहाणी टेकडी उभी राहिली.

"हे छान दिसतंय," मावशी म्हणाली. "असंच ठेव की."

"छान दिसतंय, पण खरं नाही." भाचीने खण पुन्हा अरुंद केले. मनोरा होता तिथे परत आला.

मावशीने टॉवेल उलगडला आणि त्याची पहिल्यापासून घडी घातली.

नोंदवहीत सही नसे, नुसती पाळी असे. भाचीने पाळीप्रमाणे रंग दिले: सकाळ नारिंगी, दुपार निळी. निळे ठिपके ओबडधोबड पसरले. दोन किलो तीनशे सत्तर, चारशे चाळीस, सहाशे दहा. नारिंगी मात्र दोनवर, अडीचवर, तीनवर खांबांसारखे उभे, आणि मधली जमीन जवळजवळ ओसाड. भाची म्हणाली, दुपारची बाई खरोखर वजन करत होती. सकाळच्या बाईंचं काम नजरेवर चाललं होतं.

दुपारपाळीला गोगलगाय असायची. हे नाव मावशीनेच पाडलेलं. ती मुलगी काट्याच्या ताटलीत कापड अंथरायची, काटा शून्यावर आणायची, बाळ रडायचं थांबेपर्यंत स्वतः थांबायची आणि मग वाकून आकडा वाचायची. पाळी बदलताना मावशी दारात उभी राहून म्हणायची, "अगं, पोरगं शाळेत जाईल तोवर तरी तुझा काटा थांबेल का?" सगळा कक्ष हसायचा. ती मुलगीसुद्धा हसायची. मावशीला काटा लागत नसे. बाळ हातावर घेतलं की ती आकडा सांगायची, आणि मोठे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे की आमच्या सिस्टरचा हात म्हणजे तराजू. पुढे एका गर्दीच्या आठवड्यानंतर मावशीने दिरंगाईबद्दल तक्रारअर्ज दिला. गोगलगायीची बदली भांडारात झाली, चादरी मोजायला.

"तू कोणत्या पाळीला होतीस गं?" भाचीने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"दुपारच्या," मावशी म्हणाली.

भाचीची बोटं जराशी थांबली. मग तिने शेवटचं पान उघडून आभारात एक ओळ टंकली आणि वाचून दाखवली: प्रत्येक बाळाचं वजन काळजीपूर्वक नोंदवल्याबद्दल दुपारपाळीच्या परिचारिकेचे, म्हणजे माझ्या मावशीचे, आभार. मावशी म्हणाली, कशाला गं एवढं. म्हटल्यावर तिला आपल्याच आवाजातला लाडिकपणा ऐकू आला.

तेवढ्यात फोन वाजला आणि भाची बोलत बोलत गॅलरीत गेली. पडद्यावर आलेख आणि त्याच्या बाजूला प्रोग्राम. सगळ्या ओळी इंग्रजीत, कंस आणि स्वल्पविरामांनी भरलेल्या. त्यांच्यामध्ये भाचीने स्वतःसाठी केलेलं एक टिपण मराठीत होतं, म्हणून मावशीचा डोळा तिथे अडकला.

सकाळपाळी म्हणजे मावशी. वहीतल्या पाचाच्या आकड्याचं शेपूट तिच्याच वळणाचं. आधी तिला विचारायचं. ती सांगेल तेच लिहायचं.

तिने ते दोनदा वाचलं. भाचीला आकडे तिनेच शिकवले होते, पाटीवर, हात धरून.

उठावं, कपड्यांच्या ढिगाकडे जावं, काही वाचलंच नाही असं करावं, असं वाटून ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. समोर मनोरा होता. त्या सव्वाशेंतली काही बाळं त्या उबेच्या खोलीत जायला हवी होती. किती आणि कोणती, हे आता कुठल्याही प्रोग्रामला सांगता येणार नव्हतं. ती खालच्या ठिपक्यापासून मोजायला लागली आणि अकरावर थांबली.

भाची आत आली. चहा टाकू का, म्हणाली.

"बस इथे. ती आभाराची ओळ काढ."

भाचीने का ते विचारलं नाही. ओळ गेली.

"मी सकाळी होते," मावशी म्हणाली. "दुपारी दुसरी होती. तिचं नाव घाल तिथे. आडनावासकट, नीट."

भाचीने मान हलवली. तिच्याकडे न बघता कीबोर्डवर बोटं ठेवली. "सांग."

मावशीला सगळं दिसत होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ. थंडीच्या दिवसांत ताटलीवर आधी स्वतःचा तळहात टेकवून ती उबवून घ्यायची, तेही. तक्रारअर्जात तिचं पूर्ण नाव दोनदा लिहिलं होतं, निळ्या शाईने, वळणदार अक्षरात. ते अक्षर दिसत होतं. नाव दिसत नव्हतं.

"मावशी?"

"थांब," ती म्हणाली. "थांब जरा."

भाची थांबली. मावशीच्या ओठांवर एकच नाव येत होतं, आणि ते तिथे लिहिण्यासारखं नव्हतं.