तरोट्याचं पार्सल

ममता ओसरीवर तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, निवडत बसली होती. कुंपणापलीकडून शेजारीण कोकिळा ओरडली, "अवो ममताबाई, फेका न ते!"

"काहून? कवळा तं हाये."

"कवळा हाये, पण यायनं काल औषध मारलं न वावरात. तण मारायचं. तुम्ही सकाळी तिथूनच तोडला."

ममताने हातातली पानं उलटून पाहिली. हिरवीगार होती. डाग नाही, वास नाही. ही घरच्यासाठी ठेवलेली मूठभर पानं होती. बाकीचा सगळा तरोटा ओल्या फडक्यांत गुंडाळून, गोणीत भरून तिने दुपारच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवला होता. उद्या जेवणाला तो चाळीस माणसं खाणार होती.

ही माणसं 'माती ते ताट' या फेसबुकवरच्या गटातली. कोणी गच्चीत वांगी लावतं, कोणी विसरलेल्या भाज्या शिजवून फोटो टाकतं. केळापूरच्या घरामागची परसबाग दाखवत ममता दोन वर्षांपूर्वी त्यात आली आणि गट चालवणाऱ्या शाल्मलीताईंशी तिची मैत्री झाली. शाल्मलीताई बँकेतून निवृत्त झालेल्या, कोथरूडला राहणाऱ्या. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण सकाळचा चहा बहुतेक फोनवर एकत्रच होई. ममताचं ऑपरेशन झालं तेव्हा सख्ख्या नणंदेने एकदा फोन केला होता. शाल्मलीताईंनी रोज केला.

गटाचं पहिलं प्रत्यक्ष संमेलन उद्या होतं. पत्रिकेवर ममताचा फोटो होता आणि खाली 'थेट यवतमाळच्या रानातून, विषमुक्त तरोटा'. विषमुक्त हा शब्द ममताचाच. मागच्या पावसाळ्यात तिने कोकिळाच्या नवऱ्याचा, उकंडाभाऊंचा व्हिडिओ टाकला होता. कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासांत उभं राहून, तरोटा दाखवत ते म्हणत होते, "याले खत नाई, औषध नाई. आपोआप येते, आपण खाऊन घेतो." हजारो लोकांनी तो पाहिला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं विषबाधेने दवाखान्यात भरती होऊ लागली, तेव्हा गटातल्या बायकांनी ममताची आणि उकंडाभाऊंची नाव घेऊन चौकशी केली होती.

ममता तशीच उठून वावरात गेली. उकंडाभाऊ पंप धूत होते.

"भाऊ, औषध मारलं तं सांगाले नाई पायजे?"

"मले का माहीत, वहिनी, तुम्ही आजच याल म्हून?"

"आणि तणाच्या औषधानं कपाशी नाई मरत?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "या बियाले काई होत नाई. चोर बीटी हाये."

परवानगी नसलेलं हे बियाणं गावोगाव पिशव्यांतून येत होतं, हे ममतालाही ठाऊक होतं. आपल्या शेजारच्या वावरात ते आलंय हे तिला आत्ता कळत होतं.

"निंदाले बाया भेटत नाई. मंग का करू? तुमच्या पुण्याच्या बाया येतीन का निंदाले?" ते हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "मोबाईलवर टाकू नका बरं. सायेब लोकं येतीन अन् उभं पीक उपटतीन."

"मी लोकायले काय सांगू?"

"सांगा का सडली म्हून. पालाच तं हाये."

वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहूनच तिने शाल्मलीताईंना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"ताई, उद्या तो तरोटा करू नका. त्यावर तणनाशक मारलेलं आहे. मला आत्ता कळलं."

"अगं, आम्ही मिठाच्या पाण्यात धुतो ना सगळं. हळदसुद्धा घालते मी."

"धुऊन नाही जात ते. पानाच्या आत जातं."

"आमच्या मंडईतली भाजी काय कमी फवारलेली असते? तुमच्याकडचं म्हणजे त्यापेक्षा कितीतरी शुद्ध."

"ताई, मी सांगते आहे ना, शुद्ध नाही म्हणून!"

मग शाल्मलीताईंनी समजूत घालण्याच्या सुरात विचारलं, "ममता, तुला यायचं होतं का गं? मी तिकीट काढायला हवं होतं. रुसलीस ना?"

ताई पुढे बोलतच होत्या. केटररला सांगून झालंय, पत्रिका सगळीकडे गेलीय, आयत्या वेळी काय करायचं. ममताने फोन ठेवला.

पार्सल ट्रॅव्हल्सने जातं तेव्हा ड्रायव्हरचा नंबर पाठवणाऱ्याकडेही असतो. तिने लावताच ड्रायव्हर किसनसिंगने फोन उचलला. गाडी दारव्ह्याच्या पुढे चहाला थांबली होती.

"भाऊ, माझी गोणी पुण्यात उतरवू नका."

"मंग कुठं उतरवू, मॅडम? डोक्यावर घेऊन फिरू?"

"परत आणा. भाडं देते. तिथले लोक फोन करतील, तरी देऊ नका."

"आत बॉम्ब-बिम्ब हाये का?"

"भाजी आहे. औषध मारलेली."

"मंग इथंच फेकतो न. बकऱ्या खाऊन घेतीन."

"बकऱ्यांना नका देऊ! त्यांनी काय केलंय?"

"बरं बाई, परत आनतो," तो वैतागून म्हणाला. "पाठवायच्या आधी इचार करत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीताईंचे फोन येत राहिले. "ड्रायव्हर पार्सल देत नाहीये," असा मेसेजही आला. ममताने लिहिलं, "मीच परत बोलावलं. रागावू नका." त्यावर उत्तर आलं नाही. चला, निदान कोणाच्या पोटात जाणार नाही, असं स्वतःला सांगून ती कामाला लागली.

दुपारी गटावर फोटो आले. ताटात भाकरी, ठेचा आणि हिरवी भाजी. खाली लिहिलं होतं, 'ममताने प्रेमाने पाठवलेला तरोटा!' प्रतिक्रिया येत होत्या. काय चव! मातीचा गंध आला. अशी भाजी शहरात मिळणं नाही. ममताने फोटो मोठा केला. ती मेथी होती.

शाल्मलीताईंचा मेसेज वेगळा आला. "वेळ निभावली गं. कुणाला कळलं नाही. तू बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी गोणी परत आली तेव्हा आतली भाजी काळी पडून पाणी झाली होती. ममताने घरामागे खड्डा करून ती पुरली आणि उकंडाभाऊंच्या वावराकडे पाहिलं. कपाशी ताठ उभी होती. तासांतला तरोटा मात्र पिवळा पडून माना टाकत होता.

तिने कोणाचंही नाव न घेता गटावर लिहिलं, "संमेलनातल्या ताटात तरोटा नव्हता. मी पाठवलेल्यावर तणनाशक होतं, म्हणून मी तो परत बोलावला." पोस्टचं बटण दाबलं. 'ॲडमिनच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत' असं उत्तर उमटलं. ॲडमिन शाल्मलीताईच.

संध्याकाळपर्यंत पोस्ट तशीच अडकून होती. उकंडाभाऊंच्या जुन्या व्हिडिओवर मात्र नव्याने बदाम पडत होते, आणि एकीने विचारलं होतं, 'यांच्याकडून भाजी नेहमी मागवता येईल का?' व्हिडिओ ममताचा होता. तो काढायला कोणाची मंजुरी लागत नव्हती. तिने काढून टाकला.

थोड्या वेळाने फोन वाजला. शाल्मलीताईंचा मेसेज होता.

"अगं, उकंडाभाऊंचा व्हिडिओ दिसत नाहीये. तुमच्याकडे नेटचा काही प्रॉब्लेम आहे का?"