डाव्या बाजूचा सायकलवाला

विज्ञानाच्या बाईंना पोरं पाठीमागे 'चकवाबाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही. त्या फळ्यावर सारख्याच लांबीच्या दोन रेघा अशा काढायच्या, की पट्टी लावून दाखवली तरी पोरं म्हणायची, "बाई, पट्टीच खोटी आहे!" मग त्या सगळ्यांना एक डोळा झाकायला लावून कागदावरचा ठिपका गायब करून दाखवायच्या. "ठिपक्याच्या जागी भोक दिसलं? नाही ना? मेंदू मोठा लबाड. दिसत नाही तिथे आजूबाजूचं बघून ठिगळ लावतो, आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही." हे त्या वर्षानुवर्षं शिकवत होत्या.

त्यांचा थोरला भाऊ शहर बसवर ड्रायव्हर. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच त्यांना वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. एकाच घरात भांडत आणि एकमेकांची काळजी करत राहिले. इतक्या वर्षांत दादाच्या गाडीला ओरखडा नव्हता. आणि एका सकाळी वळणावर बसला घासून एक सायकलवाला पडला. त्याचं मनगट मोडलं.

"तिथे कोणी नव्हतं गं," त्या संध्याकाळी दादा म्हणाला. "मी डावीकडे बघितलं होतं. रस्ता मोकळा होता."

"मग तो माणूस काय आभाळातून पडला? लक्ष नव्हतं तुझं, दादा. कबूल कर आणि मोकळा हो."

"तुझाही विश्वास नाही?"

बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्या बसने पाहिलंय."

दादाने चौकशीत चूक कबूल केली. नोकरी गेली. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, पण बहिणीशी बोलणंही कामापुरतंच उरलं. घरात बसून हाताला चाळा म्हणून तो तिच्या वर्गासाठी काहीबाही बनवून द्यायचा.

असंच एकदा त्याने प्लायवूडचं मोठं अर्धवर्तुळ कापून दिलं. मधल्या खाचेत नाक टेकवायचं, समोरच्या टाचणीवर नजर ठेवायची, आणि कडेने सरकत येणारं लाल कार्ड दिसलं की हात वर करायचा. बाजूचं किती दिसतं ते कळतं. स्कूटरवर ते मावेना, म्हणून दादाच ते रिक्षातून शाळेत घेऊन आला.

"मामा, आधी तुम्ही बसा!" पोरं मागेच लागली. दादा कितीतरी दिवसांनी हसला आणि बसला.

बाईंनी त्याच्या कानाजवळून कार्ड सरकवायला सुरुवात केली. इथे प्रत्येक पोराचा हात वर गेला असता. दादा शांत. कार्ड आणखी पुढे आलं. पोरं खुसखुसली.

"अगं, सुरू तर कर," दादा टाचणीकडे बघत म्हणाला.

वर्गात हशा पिकला. "मामा मस्करी करतायत!"

कार्ड जवळजवळ टाचणीपाशी पोचलं, तेव्हा त्याने हात वर केला. "हे बघ, दिसलं. लगेच ओळखलं की नाही?"

बाईंच्या हातातून कार्ड गळून पडलं.

काचबिंदू, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत, बरीच वर्षं मुरलेला. उरलंय ते औषधाच्या थेंबांनी सांभाळता येईल; गेलेलं परत येणार नाही. "त्या अपघाताच्या वेळी असेल का?" बाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, असणारच. अशा माणसाला काळोख दिसत नाही, सगळं ठीकठाकच वाटतं. बाईंना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांचा बांध फुटला. "दादा, तू खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच मोकळा रस्ता दिसला होता. मी तेव्हाच तुला इथे आणायला हवं होतं. दुसरं कोणी नाही, मी."

त्याचं मन हलकं होईल असं त्यांना वाटलं होतं. तो कठड्याला धरून खाली बसला.

"म्हणजे तो होता तिथे," दादा म्हणाला. "तोंडाने चूक कबूल केली, पण मनात त्यालाच खोटा ठरवत आलो. म्हटलं, मुद्दाम येऊन आदळला असेल." मग त्याने विचारलं, "आणि त्याच्याआधी? आणखी किती जण थोडक्यात वाचले असतील गं?"



त्याच आठवड्यात दादा हट्टाने त्या सायकलवाल्याच्या घरी गेला. तो माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा; आता मनगट वळत नाही म्हणून नुसते रंग कालवून देतो. बाई आत गेल्या नाहीत, फाटकाशी उभ्या राहिल्या. दादा बाहेर आला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवला नाही.

"काय म्हणाला?"

"चहा दिला. डोळ्यांची काळजी घ्या म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

बाईंनाही दादाकडून तेच हवं होतं. तसं म्हणायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.