रुमाल टाकलेली खुर्ची

रेवाच्या पाचव्या वाढदिवसाला संगीतखुर्चीचं पहिलं बक्षीस रेवाच्या बापाने पटकावलं.

असं काही झालेलं नाही. नव्या पनवेलातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात तसं ठरलेलं आहे आणि प्रभाकर ते कसोशीने पाळतो. १९९१ सालच्या त्या रविवारी औक्षण झालं, केक कापला, शेजारपाजारच्या सहा मुलांनी समोसे खाल्ले, सरबत सतरंजीवर सांडलं आणि सगळी आपापल्या घरी गेली. कोणी विचारलंच तर एवढंच.

पण कोणी विचारत नाही आणि न विचारता आठवत राहतं, ही अडचण आहे.

बक्षीस होतं चुंबकाची कंपासपेटी, दोन्ही बाजूंनी उघडणारी. ती दुकानाच्या काचेआड दिसल्यापासून रेवाने दोन महिने दुसरा विषय काढला नव्हता. प्रभाकरने ती आणली आणि सरळ लेकीच्या हातात ठेवली असती तर कुठे बिघडलं नसतं. पण त्याला संस्कार करायची हुक्की आली. जिंकून घे, म्हणजे किंमत कळेल, असं तो म्हणाला. त्याच्या बायकोने, शशिकलाने, तेव्हाच त्याच्याकडे असं पाहिलं होतं की एखाद्या समजूतदार माणसाने पेटी गुपचूप देऊन टाकली असती.

मग रेवानेही अट घातली, बाबाने खेळायचं. प्रभाकरची हरकत नव्हती. पहिल्याच फेरीत बाद व्हायचं, टाळ्या वाजवायच्या आणि पलंगावर बसून समोसा खायचा, असा त्याचा साधा बेत होता.

टेपरेकॉर्डरची बटणं आणि न्यायदान ही दोन्ही खाती दाजींकडे होती. दाजी मूळचे विचुंब्याचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आता तळमजल्यावर लेकाकडे राहणारे. त्यांनी गाणं बंद केलं आणि प्रभाकर बसला. आपल्याला बाद व्हायचं होतं हे त्याच्या लक्षात येईपर्यंत शेजारचा अपूर्व उभ्या उभ्या रडायला लागला होता.

याला कारण त्याचं ठाण्याचं ऑफिस. सहा वर्षं तो रोज सकाळी पनवेल स्टँडवर ठाण्याची गाडी पकडत होता. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दारातल्या रेटारेटीतून सावकाश चढायचं आणि रुमालापाशी घुटमळणाऱ्या माणसाला नुसतं सांगायचं, रुमाल माझा आहे. माणूस सरकतो. त्याला ना पावती लागते ना शिक्का. त्या रुमालाला स्टँडवर जेवढा मान होता, तेवढा प्रभाकरला ऑफिसात कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या फेरीत त्याने ठरवलं, आता नक्की. दुसऱ्या फेरीत मनस्वी गेली. तिसऱ्या फेरीत तो मुद्दाम भिंतीच्या कडेकडेने चालला आणि तरी प्रणितच्या आधी खुर्चीत कसा पोचला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. प्रत्येक फेरीनंतर तो मुलांची मनापासून माफी मागत होता, बसल्या बसल्या. पलंगावर बाद झालेल्यांची रांग लागली. ती समोसे खात त्याच्याकडे टक लावून पाहत होती आणि त्यातला एक समोसा त्याचा होता.

शेवटी उरली एक खुर्ची, एक रेवा आणि एक बाप.

आता मात्र हरायचंच. हात आवरावेत म्हणून प्रभाकरने ते दोन्ही खिशांत घातले. उजव्या खिशात रुमाल होता.

गाणं थांबलं तेव्हा रेवा खुर्चीच्या अगदी पुढ्यात होती. ती वळून टेकणार एवढ्यात निळ्या चौकटींचा रुमाल तिच्या खांद्यावरून गेला आणि सीटच्या बरोब्बर मधोमध पडला.

"रुमाल माझा आहे," प्रभाकर म्हणाला.

अर्धवट वाकलेली पोर सरळ झाली, बाजूला सरकली. आणि प्रभाकर जाऊन बसला. हे तो का बसला, याचा खुलासा त्याच्याकडे आजही नाही.

सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. तीस वर्षं हेच भांडण सोडवलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"रुमाल आधी परला," ते म्हणाले. "सीट त्यांची. माज्याकडं बगून काय उपेग नाय, नेम हाय तो."

शशिकलाने पेटी नवऱ्याच्या हातात दिली आणि पाहुण्यांशी बोलावं तसं अभिनंदन केलं. टाळी एकट्या दाजींनी वाजवली.

रेवा रडली असती तर बरं झालं असतं. पण ती अपूर्वची समजूत काढत होती की माझा बाबा चीटिंग करत नाही, स्टँडवर असंच असतं, मी पाहिलंय. ते ऐकल्यावर प्रभाकरला खुर्चीतून उठवेना. इतक्या वर्षांत त्याच्या सीटशेजारी मूल कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या, आणि त्याने खिडकीबाहेर बघत टाळलेल्या सगळ्या बायका त्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटी लेकीपुढे ठेवली. रेवाने ती दोन्ही बाजूंनी उघडून पाहिली, चुंबक खट्कन लागतं का तेही पाहिलं आणि परत केली.

"तुझी आहे बाबा. तू जिंकलास. मला जिंकून पाहिजे."

तिला किंमत कळली होती.

"मग पुन्हा खेळू या की. आत्ता."

"आज कुठे वाढदिवस आहे?" रेवा म्हणाली.

पेटी तेव्हापासून ऑफिसात प्रभाकरच्या टेबलावर आहे. लोक विचारतात, मुलीची का? तो हो म्हणतो आणि फाइलमध्ये डोकं घालतो. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, जन्मात एवढीच एक गोष्ट धड येत असल्यामुळे, त्याने अर्ज लिहिला. कोणाकडे करायचा हे ठाऊक नव्हतं, म्हणून वर नुसतं 'मा. संबंधित अधिकारी' असं घातलं आणि घडी करून पेटीत ठेवला.

'विषय: कु. रेवा हिचा पाचवा वाढदिवस फेर घेण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, दि. १७ फेब्रुवारी रोजी पार पडलेला वाढदिवस रद्द समजण्यात यावा व त्याच तारखेस, त्याच वेळी पुन्हा घेण्यात यावा. अर्जदाराचा रुमाल सोबत जोडला असून, तो कायमचा जमा करून घेण्यात यावा, ही विनंती.'