ब्रेकच्या खुणा

टेकडीवर सर्वांसाठी सायकलवाट बांधायची होती. आमच्या समितीपुढे आज तिसरी डिझायनर आली. आधीचे दोघे देखणे नकाशे दाखवून गेले होते, पण त्यांच्या वाटांवर समितीतल्याच माझ्या वहिनीचा निभाव लागला नसता. मनगट मोडल्यापासून ती उतार दिसला की सायकलवरून खाली उतरायची.

"तुमच्यात सगळ्यात भित्रं कोण?" डिझायनरने विचारलं.

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"वा, इथे बरं एकमत झालं तुमचं!" वहिनी म्हणाली.

डिझायनरने तिला टेकडीच्या जुन्या पायवाटेने सावकाश सायकल चालवत खाली यायला सांगितलं. स्वतः ती मागून चालत राहिली आणि वहिनीने जिथे ब्रेक दाबला, तिथे चुन्याची चिमूटभर फक्की टाकत गेली. खाली पोहोचेपर्यंत अकरा खुणा झाल्या.

"या अकरा जागा आधी सोप्या करू. उड्या मारणाऱ्यांची वाट बाजूने काढता येईल."

वहिनीने वळून खुणा मोजल्या. "नऊच धरा हो. दोनदा मी उगाच घाबरले. थांबा, पुन्हा येऊन दाखवते." आणि ती सायकल ढकलत वर निघाली.

समितीचं काम बघणाऱ्या दादाला मी म्हटलं, "आधीच्या त्या दोघांना नकार कळवून टाक."