तीन नंबरचा इंजेक्टर

बोटाएवढा, निळ्या डोक्याचा आणि टोकाशी पांढरट... नाही, पांढरट सकाळी होता, आता टोक काळपट झालं होतं. हिलालने इंजेक्टर पुन्हा उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, पण काळपट ते काळपटच. तीस वर्षं लोकांच्या शेतात ठिबक बसवलेल्या माणसाला पांढरं टोक दिसलं की ॲसिड आठवतं, त्याला इलाज नाही. बोअरच्या पाण्याचा खार ड्रिपरच्या तोंडाशी बसतो, ॲसिड लागलं की फसफसून सुटतो आणि थेंब पुन्हा पडू लागतो. त्याची पोर स्वप्नाली शहाद्याला सामान आणायला गेली होती, चार इंजेक्टर फडक्यावर ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी, आणि तिसऱ्याचं टोक जरा जास्तच पांढरं होतं. पोरीचं तेवढंच काम हलकं होईल म्हणून वीस मिनिटं बुडवला. थर गेला खरा, पण खालच्या पोलादावर बारीक खड्डे पडले, आणि जिथून इंधनाचा फवारा उडायचा ती भोकं एकसारखी राहिली नाहीत.

तो त्याने पुसून पुन्हा जागेवर ठेवला होता. चोरासारखा. आणि आता ती परत आली होती, गाडीच्या बॉनेटखाली वाकली होती, आणि तो पुन्हा हातात घेऊन बसला होता.

लोणखेड्याच्या रस्त्याला लागून असलेली ही शेड. दोन वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून स्वप्नालीने इथे गॅरेज टाकलं तेव्हा हिलाल तिच्याशी आठ दिवस बोलला नव्हता. गावात, कळसाडीत, कोणी विचारलं तर म्हणायचा, पोरीचं खूळ आहे, उतरेल. मग बायकोने, छबूबाईने, पोरीच्या जेवणाचा डबा त्याच्या हातात दिला, एकदा, दोनदा, आणि आता तो रोज येतो, डबा हे निमित्त. खरं म्हणजे ही पडेल तेव्हा आपण जवळ असावं म्हणून येतो मी. असं मी मनाला सांगतो. पण ती पडत नाही, आणि मी बघत बसतो.

बघण्यासारखंच असतं. जालमसिंग ही लाल गाडी घेऊन आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला, चारशे हॉर्सपॉवर पाहिजे, टर्बो मोठा आणलाय. गावचा कुठलाही मिस्त्री लगेच टर्बोला हात घालून बसला असता. हिने मात्र त्याला शांतपणे विचारलं, "काका, पेट्रोल कोठे भरतस तुम्ही?" जालमसिंग गडबडला. इथे शहाद्याला, कधी धुळ्याला, महिन्यातून दोनदा सुरतेला. "मंग गाडी तठलं पेट्रोल पिई, तुम्हनी हौस नही," ती म्हणाली, आणि हिलालला त्या क्षणी असं वाटलं होतं की उठून चारचौघांना बोलावून आणावं, ऐका, ही माझी पोर काय विचारते ते ऐका. अर्थात तो उठला नाही. डबा उघडून भाकरी मोडत बसला.

हिशेब तिने भिंतीवर खडूने मांडला होता, तो अजून तसाच होता. टर्बो हवा कोंबणार. जेवढी हवा जास्त तेवढं इंधन जास्त, नाहीतर आत आग भडकते आणि इंजिन ठोका देतं. साध्या पेट्रोलवर चारशेला मिनिटाला आठशे मिलीचा इंजेक्टर पुरतो. पण उसाचं इथेनॉल, जे तिने कारखान्यात चार वर्षं तपासलं होतं, ते आतून थंड राहतं, ठोका येऊ देत नाही, आणि त्या बदल्यात तिसरा हिस्सा जास्त पितं. म्हणजे हजार पन्नासचा. हिलालने आपलं ठिबकाचं डोकं चालवून सांगितलं होतं, "आठशेना घे, चारी मिळीसन बत्तीसशे, मायंदाळ व्हतंस." ती हसली नव्हती. ड्रिपर दिवसभर उघडा राहतो आबा, इंजेक्टरला शंभरातलं ऐंशीच उघडं ठेवायचं, वीस श्वासाला. आणि फार मोठा घेतला तर सिग्नलवर उभ्या गाडीला तो थेंबथेंब देऊ शकत नाही, गाडी आचके देते. म्हणून हजार पन्नास, त्यापुढे नाही. आणि नळीत एक सेन्सर, जो टाकीत इथेनॉल किती ते ओळखून मात्रा बदलेल, म्हणजे सुरतेला जे मिळेल ते भरा आणि शहाद्याला जे मिळेल ते भरा. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या हिलालला वाटलं, मी तीस वर्षं पाणी मोजलं, पण पाण्याला श्वास लागतो असं कधी मनात आलं नाही.

हे चारही काल तिने काचेच्या नळ्यांमध्ये मोजले होते, चारांत केसाचा फरक नव्हता. पांढरं आहे ते बाहेरचं, उद्या पुसून घेईन, असं ती म्हणालीही होती... तो तेव्हा भाकरीत गुंतलेला. म्हणजे आता ती पुन्हा मोजणार नाही. सरळ बसवणार. तिसऱ्या सिलिंडरला इंधन कमी पडेल, पिस्टन वितळेल, उद्या सुरतेच्या रस्त्यावर जालमसिंगच्या गाडीतून धूर निघेल, आणि कळसाडी ते नंदुरबार सगळे म्हणतील, पोरीच्या हातात गाडी दिली तर दुसरं काय होणार. न सांगितलं तर तिचं नाव जाईल. सांगितलं तर... सांगितलं तर मी जाईन, तिच्या नजरेतून. साठी आली तरी माणसाला याचंच भय वाटावं, कमाल आहे.

"आबा, तीन नंबर द्या."

ती वळलीसुद्धा नव्हती. नुसता हात मागे आला, ग्रीसने काळा, पंजा उघडा. एवढ्या विश्वासाने कोणी हात पुढे केला की त्यात काहीही ठेवता येतं. हिलालचा हात अर्ध्यात गेला आणि थांबला.

"स्वप्ना, हाई मी ॲसिडमा टाकं व्हतं."

ती वळली. "कोणतं ॲसिड?"

"ड्रिपनं. माले वाटनं खार शे."

"कितला येळ?"

"ईस मिनिटं."

"पाणी कितलं?"

"निम्मं."

"टोकच बुडाडं का आख्खं?"

"टोकच."

तिने इंजेक्टर घेतला, टोक भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. हिलाल ओरडण्याची वाट बघत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्यालाही ओरडता आलं असतं. पण तिने भिंतीवर खडूने लिहिलं, तीन, ॲसिड निम्मं पाणी, वीस मिनिटं, फक्त टोक. "खारच वाटस दिखाले," एवढंच म्हणाली, आणि फोन उचलला.

"जालमसिंग काका, गाडी सकाय तयार नही ऱ्हाई. एक इंजेक्टर मन्हा हातनं बिघडनं... नही, माल चांगला व्हता. दुकानदारनी काहीच चूक नही. चूक मन्ही शे."

हिलाल उभा राहिला. नाही, हे असं नाही, तिच्या हातचा फोन घ्यावा आणि सांगावं, माझी चूक आहे, तिच्या बापाची... पण मध्येच आठवणीतून गोपाल उभा राहिला. प्रकाशा गावचा गोपाल, ठिबकाच्या कामावरचा जोडीदार. बावीस वर्षांपूर्वी केळीच्या एका मळ्यात हिलालने ॲसिड जास्त कडक सोडलं होतं आणि कडेच्या दोन ओळी करपल्या होत्या. मालक तावातावाने बांधावर आला, आणि हिलालच्या तोंडून इतक्या सहज निघालं होतं, गोपालनं सोडं. गोपाल हात धूत होता. त्याने एकदा हिलालकडे पाहिलं, आणि हात धूत राहिला. त्यानंतर त्याला कोणी कामावर घेतलं नाही. विसरलो होतो, असं म्हणणं सोपं आहे... विसरलो नव्हतो.

पलीकडून जालमसिंग बोलत होता, बराच वेळ, आणि स्वप्नाली ऐकत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, गाडी तो उचलून नेणार की ठेवणार. हिला हे कोणी शिकवलं? मी तर नाही. छातीत अभिमान दाटून आला होता आणि त्याला त्या अभिमानाला हात लावायची लाज वाटत होती, दुसऱ्याच्या मळ्यातलं फळ तोडावं तशी.

"स्वप्ना," तो म्हणाला. तिने बोट वर केलं, थांबा. तो थांबला. ही फोन ठेवील तेव्हा सांगायचं, हेही सांगायचं, गोपालचं. ती रागावणार नाही, हे आता त्याला कळलं होतं. ती विचारील, ॲसिड किती होतं, वाल्व किती वेळ उघडा राहिला, किती ओळी गेल्या, आणि तो सगळं बरोबर सांगू शकला असता. मग ती विचारील, गोपालकाका आता काय करतात. प्रकाशा इथून अर्ध्या तासावर, त्या रस्त्याने तो शेकडो वेळा गेला होता, आणि गोपालच्या दारात एकदाही थांबला नव्हता.