तेन्चाताई जागा मागत नाही

माझी थोरली बहीण तेन्चाताई आमच्याकडं राहायला आली ती नवरा, ढीगभर पेट्या, एक चिडखोर कुत्रा आणि काचेचं झुंबर घेऊन. झुंबराला दुसरीकडं जागा नव्हती म्हणून ते स्वयंपाकघरात टांगलं. तेव्हापासून माझा नवरा निकानोर पाणी प्यायला गेला की कपाळाला टेंगूळ घेऊन परत येतो.

"बंगल्यातले नळ बदलायला काढलेत," ताई म्हणाली. "आठवड्याभराचा प्रश्न आहे." एवढं बोलून ती आमच्या पलंगावर जी आडवी झाली, ती तिथलीच झाली. अख्ख्या प्वेब्ला शहराला ठाऊक होतं की गिल्दार्दोदाजींची फर्निचरची दुकानं बुडाली आणि बंगला बँकेनं घेतला. ठाऊक नव्हतं ते फक्त ताईला, म्हणजे ती तसं दाखवत होती.

दाजी मात्र स्वर्गात. भोकं पडलेला बनियन घालून निकानोरबरोबर फुटपाथवर शेंगदाणे खात बसायचे. "लाला, अगं इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी सही मागत नाहीये," असं मला म्हणाले आणि वर आणखी शेंगदाणे मागितले.

ताई माझं सूप चाखून म्हणायची, "आमची आचारीण यात थोडी चव पण घालायची." मी दात आवळून हसायचे. डिसेंबर उजाडला तरी नळ बदलतच होते आणि आम्ही नवराबायको बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपत होतो. माझी कंबर कामातून गेली.

एके दिवशी निकानोर म्हणाला, "मागची अडगळीची खोली मी उद्या रिकामी करून देतो. पण ही पाहुणी आहे की घरची, ते तिच्या तोंडून कळू दे. पाहुणी असेल तर सणानंतर तिला नमस्कार."

"ताई आणि जागा मागणार? सूर्य पश्चिमेला उगवेल."

"मग उगवू दे."

मला काय हवं होतं? तिच्याकडं पैसे होते तेव्हाही मला ते नको होते. तिनं एकदा मला 'लाला, मला तू लागतेस' एवढं म्हणावं, बस्स. लहानपणापासून वाट बघतेय.

नाताळाआधीच्या पोसादांमध्ये, म्हणजे रोज एका घरी होणाऱ्या जागा मागायच्या गाण्यांत, एका संध्याकाळी आमच्या घराची पाळी होती. निम्मी गल्ली मेणबत्त्या घेऊन बाहेर येशूच्या आईबापांसाठी, मारिया-होसेसाठी जागा मागत गाते, निम्मी आतून गाऊनच हाकलून लावते. शेवटी घरमालकीण स्वागताचं कडवं धरते, दार उघडतं आणि सगळे खाण्यावर तुटून पडतात. माझ्या चुलीवर तामालेंचं, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पुरचुंड्यांचं पातेलं वाफाळत होतं.

"मी आतच थांबणार," ताईनं जाहीर केलं. "मी आयुष्यात कुणाच्या दारात उभी राहिलेली नाही." आणि हाकलायचं कडवं तिनं असं ठणकावून म्हटलं की बाहेर एक पोर खरंच रडायला लागलं.

बाहेर म्होरके होते दाजी, आणि दाजींच्या गळ्यात सूर औषधालाही नाही. कधीकाळी कॅथेड्रलमध्ये गायलेल्या ताईला ते सोसवेना. "हा गातोय की रेडा रेकतोय?" म्हणत ती तणतणत बाहेर गेली. निकानोरनं तिच्यामागं दार लावलं, कडी घातली आणि माझ्याकडं बघून मिशीत हसला.

आता बाहेरची झाली म्हटल्यावर तिला गाऊन जागा मागणं भाग होतं. मागितलं की. काय तो आवाज! थंडी वाजतेय, बायको अवघडलेली आहे, दया करा. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. आम्ही नाही म्हटलं. तिनं पुन्हा मागितलं. शेवटी स्वागताच्या कडव्याची वेळ आली, सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी पुन्हा हाकलायचंच कडवं पहिल्यापासून सुरू केलं.

बाहेर हशा पिकला. त्यांनीही पहिल्यापासून घेतलं. ते संपलं, मी तिसऱ्यांदा घेतलं.

"लाला, पोरं उपाशी आहेत गं," शेजारच्या ओब्दुलियाकाकू कुजबुजल्या.

"जरा थांबा, काकू. मला मजा येतेय."

खोटं कशाला बोलू, येतच होती. तेवढ्यात बाहेरचं गाणं थांबलं. दाराला अगदी चिकटून ताईचा आवाज आला, सुराबिराशिवाय.

"लाला, नळबिळ काही नाहीत. बंगला गेला. आम्हाला कुठंच जायला जागा नाही गं. ठेवून घे आम्हाला. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

मग दाजींचा गोंधळलेला आवाज, "हे गाण्यात नाहीये, तेन्चा."

मला कडी निघेना. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, नाक गळत होतं, स्वागताचं कडवं सुरूच होईना. ते काकूंनी धरलं आणि कडी निकानोरनं काढली. लोंढा आत घुसला, पोरं पातेल्याकडं धावली, कुत्रा कुणाच्यातरी तंगडीला लागला. त्या धक्काबुक्कीत ताई उंबऱ्यावरच उभी, हातात विझलेली मेणबत्ती, काजळ गालांवर उतरलेलं.

"मी कुठं बसू, लाला?" तिनं विचारलं.

आमच्या घरात तिनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी तिच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि तामाले काढायचा चिमटा दिला.

"बसतेस काय? पाहुणी आहेस का तू? लोक खोळंबलेत, वाढायला लाग."

ताईनं नाक पुसलं, बाह्या वर केल्या आणि पातेल्याकडं गेली.